अठ्ठावन्न बारासाठी प्रार्थना

माझे रोजचे तीन नेम आहेत. सकाळी उठल्यापासून प्रार्थनामंदिरातला दिवा लावेपर्यंत मौन. दिवसभरात कोणालाही कठोर किंवा खोटा शब्द बोलायचा नाही. आणि त्या दिवशी ज्याने मन दुखावलं असेल, त्याच्यासाठी संध्याकाळी त्याचं नाव घेऊन प्रार्थना करायची. अकरा वर्षं झाली. घरात बसून हे तिन्ही नेम पाळणं अवघड नाही. सायकलवर बसलं की मात्र तिन्ही एकदम अंगावर येतात.

सायकल मी हौसेने घेतली असं कोणी समजू नये. मंदिराकडे जाणारी सकाळची सहाची बस एक दिवस बंद झाली. थांब्यावर कागद चिकटवला होता : 'प्रवासीसंख्या अपुरी असल्यामुळे.' ती अपुरी प्रवासीसंख्या म्हणजे मी. कागद वाचताना मला उगाच ओशाळल्यासारखं झालं. ह्यांनी तेव्हा नुकतीच नवी गाडी घेतली होती. म्हणून त्या रात्री जेवताना विचारलं, "अहो, सकाळी मला मंदिरापर्यंत सोडाल का?"

"सहा वाजता?" हे म्हणाले. "देव आठला उठत नाही का?"

नव्या गाडीत मी आतापर्यंत दोनदा बसले आहे. दोन्ही वेळा मागे, कारण पुढच्या सीटवर ह्यांची बॅग बसते.

तर सायकल आली. सकाळी सहाला निघायचं, मंदिरात दिवा लावायचा, तिथले दिवे घासून-पुसून ठेवायचे आणि साडेआठला तिथूनच कामावर जायचं. मी सार्वजनिक वाचनालयाच्या पुस्तकबांधणी विभागात आहे. विभाग म्हणजे मी, खळीचं भांडं, पुस्तकं दाबून ठेवायचा लोखंडी प्रेस आणि एक खिडकी. पाठ फाटलेली पुस्तकं माझ्याकडे येतात आणि धड होऊन परत जातात. माणसांच्या बाबतीत माझं काम इतकं चोख नाही, हे पुढे कळेलच.

मंदिरापासून वाचनालयापर्यंत कालव्याच्या कडेने एक शांत गल्ली होती. मी सायकल घेतली त्याच आठवड्यात ती नळ टाकण्यासाठी खणली गेली. मग मोठा रस्ता आणि त्यावरचा अरुंद पूल. रस्त्यावर पहिल्याच दिवशी कळलं की गाडीतल्या माणसांना माझ्याबद्दल बरीच मतं आहेत. एकाने काच खाली करून विचारलं, "रस्ता बापाचा आहे का?" माझे वडील शाळेत चित्रकला शिकवत. त्यांच्या नावावर रस्ता असता तर मला आवडलं असतं. दुसरा ओरडला, "घरी बसा आजी!" मी बावन्न वर्षांची आहे. आजी व्हायला माझी हरकत नाही, पण ते ठरवायला माझ्या घरची माणसं आहेत.

इतर सायकलवाले यावर काय करतात ते मी पाहत होते. एक तरुण गाड्यांच्या बॉनेटवर थाप मारायचा. एक गृहस्थ सिग्नलला गाठून वाहतुकीचे नियम तोंडपाठ म्हणून दाखवायचे. एका मुलीने हेल्मेटवर कॅमेरा लावला होता आणि ती नुसती त्याच्याकडे बोट दाखवायची. बहुतेक जण शिव्या द्यायचे. माझी पंचाईत अशी, की मंदिरात जाताना मला मौन आणि येताना कठोर शब्द वर्ज्य. कठोर नसलेला पण लागेल असा शब्द शोधून काढेपर्यंत गाडी तिसऱ्या चौकात पोचलेली असायची.

राहिला तिसरा नेम. प्रार्थना नाव घेऊन करायची, तर यांची नावं कुठून आणू? गाडीला मागे असतो तो नंबर. मी विचार केला, नंबर कोणाचा हे देवाला कळत असणारच. त्याच्याकडे यादी असेल.

म्हणून वही केली. वाचनालयातल्या जुन्या देवघेवीच्या रजिस्टरचे कोरे कागद पडून होते. त्यांच्यावर रकाने छापलेले होते : तारीख, वेळ, क्रमांक, शेरा. ते शिवले, पुठ्ठा घातला, निळं कापड चढवलं. बांधणी माझा धंदाच आहे, त्यामुळे वही जरा जास्तच चांगली झाली. शेऱ्याच्या रकान्यात मी त्या माणसासाठी काय मागायचं ते लिहीत असे. 'घरी बसा म्हणाला. याला घरी बसण्याइतकी सवड दे.' 'चिखल उडवला. याची पाठदुखी थांबव.' पाठदुखीचं मला कोणी सांगितलं नव्हतं. पण इतक्या रागाने गाडी चालवणाऱ्या माणसाचं काहीतरी दुखत असणारच.

संध्याकाळी दिव्यापुढे बसून मी वाचायची, "देवा, नव्वद एकवीसचं भलं कर. सतरा सदुसष्टला शांत झोप दे." हे सोफ्यावर बातम्या बघत असत. एकदा म्हणाले, "लॉटरी लागली की सांग हो."

सगळ्यांत जास्त वेळा त्या वहीत एकच नंबर यायचा. अठ्ठावन्न बारा. करड्या रंगाची गाडी. सध्या सगळ्या गाड्या करड्याच असतात, त्यामुळे रंगाचा काही उपयोग नाही. हा गृहस्थ साधारण आठ चाळीसला पुलाच्या तोंडाशी मागून यायचा, हॉर्नवर हात ठेवायचा तो काढायचाच नाही, आणि पुलाच्या कठड्यात आणि गाडीत माझ्यापुरती वीतभर जागा ठेवून निघून जायचा. मी त्याच्यासाठी निरनिराळं मागून पाहिलं. आधी शांती, मग झोप, मग पोट साफ होणं. काही फरक पडेना. शेवटी वाटलं, या माणसाच्या घरात जी कोणी बाई असेल, तिचं काय होत असेल? त्या दिवसापासून त्याच्या नावापुढचा शेरा कायम झाला : 'याच्या बायकोला बळ दे.'

आता शेजाऱ्यांकडे वळते. आमच्या इमारतीत माझी सायकल हा सगळ्यांचा सामायिक विषय झाला होता. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी सांगितलं, "तू मोठा भोंगा बसव. ट्रकचा मिळतो." माझी नणंद फोनवर म्हणाली, "वहिनी, या वयात सायकल! लोक दादाला काय म्हणत असतील?" लोक दादाला काय म्हणतात याची काळजी करायला तिला दिवस पुरत नाही.

सायकल दुरुस्त करणारा मात्र अनुभवी माणूस. तो म्हणाला, "ताई, बोलून काही होत नाही. काठी लावा."

"मी कोणाला मारणार नाही हो."

"मारायची नाही. आडवी बांधायची. कॅरिअरला. रस्त्याच्या बाजूने दोन हात बाहेर, टोकाला लाल फडकं. माणसाची कोणाला फिकीर नाही, पण रंगाला ओरखडा पडेल म्हटलं की सगळे लांबून जातात."

हे मला पटलं, आणि पटलं याचं वाईट वाटलं. पण काठी बांधली. पहिला दिवस स्वर्गासारखा गेला. गाड्या खरंच लांबून जात होत्या. मी त्या काठीला मनातल्या मनात नमस्कार केला. दुसऱ्या दिवशी मंदिराच्या फाटकातून आत शिरताना काठी फाटकात अडकली, सायकल तिथेच थांबली आणि मी एकटीच आत गेले. मौन असल्यामुळे 'आई गं' सुद्धा म्हणता आलं नाही. तिसऱ्या दिवशी फळवाल्याच्या गाडीवरून वळताना लाल फडक्याने पपयांची एक रास खाली आणली. फळवाला जे बोलला ते मी वहीत लिहिलं नाही, कारण त्याच्या गाडीला नंबर नाही आणि चूक माझी होती. चौथ्या दिवशी चौकातल्या वाहतूक पोलिसाने अडवलं.

"हे काय आहे?"

"काठी आहे."

"ती दिसते. वाहनाची रुंदी वाढवलीत तुम्ही. परवानगी घेतली?"

"काठीची?"

"रुंदीची. आमच्या कचेरीत पहिल्या मजल्यावर अर्ज मिळतो. वाहनाचा आराखडा जोडायचा, तीन प्रतींत."

मी हळू आवाजात विचारलं, "आणि जे मला वीतभर अंतरावरून जातात, त्यांना कुठला अर्ज?"

त्याने लाल फडकं बोटाने उडवून पाहिलं. मग म्हणाला, "ताई, काठी सोडा."

मी काठी सोडली. पाचव्या दिवशी अठ्ठावन्न बारा आला.

आठ एकेचाळीस झाले होते. पुलाच्या तोंडाशी हॉर्न सुरू झाला, मी कठड्याकडे सरकले, आणखी सरकायला जागा नव्हती, आणि त्याचा आरसा माझ्या हँडलला लागला. मोठं काही झालं नाही. कोपर सोलून निघालं, पुढचं चाक वाकडं झालं, डब्यातलं जेवण रस्त्यावर सांडलं. गाडी क्षणभर हळू झाली. मला वाटलं, थांबतोय. मग ती गेली. मी कठड्याला टेकून बसले, वही काढली आणि अठ्ठावन्न बाराची सतरावी नोंद केली : 'याच्या बायकोला बळ दे.' 

घरी ह्यांनी कोपर पाहिलं. "कुठे धडपडलीस?"

"एका गाडीने—"

"तरी मी सांगत होतो," हे म्हणाले आणि आरशाला पडलेल्या ओरखड्याबद्दल कोणाला तरी फोन करायला गॅलरीत गेले. ओरखडा कसा पडला ते मी विचारलं नाही. गाडीच्या गोष्टी मी विचारत नाही.

आमच्या समोरच्या दारात अर्जकाका राहतात. सरकारी कचेरीतून निवृत्त झाल्यापासून त्यांनी या इमारतीच्या वतीने एकशे चौदा अर्ज केले आहेत. त्यांतला एक मंजूरही झाला. त्यामुळे आमच्या गल्लीत कचरापेट्या दोन आहेत. दुसऱ्या दिवशी पहाटे मी वाकड्या चाकाची सायकल ढकलत निघाले, तर अर्जकाका दारात उभे. कॅरिअरला अडकवलेली वही त्यांनी उघडली आणि त्यांचा चेहरा, काय सांगू, एखाद्या भक्ताला दर्शन व्हावं तसा झाला.

"तारीख! वेळ! क्रमांक! शेरा!" ते म्हणाले. "अहो वहिनी, एवढी व्यवस्थित नोंदवही मी तीस वर्षांच्या नोकरीत पाहिली नाही. सायकलींसाठी वेगळा पट्टा आखून मिळावा म्हणून अर्ज करतो, त्याला ही जोडतो. नेऊ ना? नको असेल तर आत्ताच सांगा."

दिवा लागायचा होता. मला मौन होतं. मी मान हलवली. जोरजोरात हलवली. तिचा त्यांनी त्यांच्या सोयीचा अर्थ लावला.

संध्याकाळी ते अर्जावर सही घ्यायला आले. अर्ज साधा होता, पट्टा मिळावा एवढाच. वही कचेरीतून परत आणतो म्हणाले. त्यात माझ्या प्रार्थना आहेत हे मी सांगितलं, तर म्हणाले, "शेरे कोण वाचतं!" खोट्याखाली सही करणं नेमात बसत नाही म्हणून मी अर्ज दोनदा वाचला. खोटं त्यात काही नव्हतं. सही केली.

पट्टा आखणारा विभाग म्हणाला, पट्ट्याला रस्ता रुंद लागतो. अर्ज त्यांनी फेटाळला. पण वही इतकी नेटकी होती की ती टाकून द्यायचं कोणाला धाडस झालं नाही. त्यांनी ती 'पुढील योग्य कार्यवाहीसाठी' पहिल्या मजल्यावर वाहतूक विभागाकडे पाठवली. मागितला पट्टा आणि निघाली नोटीस.

ती आली सुट्टीच्या दिवशी दुपारी. हे चहा घेत होते. पाकीट फोडलं आणि भडकले.

"ऐक, ऐक! कोणीतरी सायकलवाली बाई! सतरा वेळा म्हणे मी तिच्या जवळून गेलो. आणि वेळा लिहून ठेवल्यात! आठ चाळीस, आठ एकेचाळीस, आठ एकोणचाळीस. काही कामधंदा नाही का हिला? डोक्यावर परिणाम झालेला दिसतो."

माझ्या हातातला कप मी खाली ठेवला. बॅटरी घेतली आणि तळघरात गेले. पुढची पाटी निखळली ती ह्यांनी पुन्हा बसवलेली नाही, आणि आमच्या गाड्या तिथे भिंतीकडे पाठ करून उभ्या करतात, त्यामुळे मागचा नंबर दिसत नाही. बंपर आणि भिंत यांच्या मधल्या फटीत बॅटरी धरून, गुडघ्यावर बसून मी वाचला. अठ्ठावन्न बारा.

आधी मला माझीच लाज वाटली. आठ महिने गाडी घरात, आणि तिचा नंबर माहीत नाही! मग इतर गोष्टी एकेक वर येऊ लागल्या, तशी मी तिथेच भिंतीला टेकून बसले. त्या बाईसाठी मी पुन्हा पुन्हा बळ मागत होते. कधीकधी तिची मला इतकी कीव यायची की डोळे भरून यायचे.

वर येऊन म्हटलं, "अहो, ती बाई मी."

हे आधी हसले. मग हसणं थांबलं. "तू तर कालव्याच्या गल्लीतून जातेस."

"ती गल्ली खणून ठेवली आहे. तुम्हाला सांगितलं होतं."

"कधी?"

"बातम्या चालू होत्या तेव्हा."

यानंतर ह्यांनी घर डोक्यावर घेतलं. ह्यांची नोकरी रंगाच्या कारखान्यात, आणि हुद्दा सुरक्षा अधिकारी. फाटकावरच्या 'आज अपघाताविना दिवस क्रमांक' या फळ्यावर रोज सकाळी हेच खडूने आकडा लिहितात. लायसन जमा झालं असं कळलं तर काय तोंड दाखवायचं? "तक्रार मागे घे," हे म्हणाले. "आणि ती सायकल विकून टाक. सगळं तिच्यामुळे झालं."

"मग दिवा?"

"अगं, दिवा घरात लाव! देव घरात येत नाही का?"

अकरा वर्षांत देवाच्या येण्याजाण्याबद्दल ह्यांनी एवढी चौकशी कधी केली नव्हती. नणंदेचा फोन आला, "वहिनी, तुम्ही एवढ्या देवाच्या माणूस, आणि नवऱ्यावर केस?" वरच्या काकू म्हणाल्या, "भोंगा बसवला असतास तर ही वेळ आली नसती." अर्जकाका आठवडाभर जिना उतरताना चपला हातात घेत होते.

सुनावणीला आम्ही दोघं ह्यांच्याच गाडीतून गेलो. मी मागे.

पहिल्या मजल्यावरच्या साहेबांनी कागद वर-खाली पाहिले. "अर्जदार आणि गैरअर्जदार, दोघांचा पत्ता एकच पडलाय. टायपिंगची चूक आहे."

"चूक नाही," मी म्हटलं. "आम्ही नवरा-बायको आहोत."

"मग हे इथे कशाला? कौटुंबिक वाद दुसऱ्या मजल्यावर."

दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी मला मायेने बसवलं, पाणी दिलं, ह्यांना बाहेर थांबायला सांगितलं आणि हात धरून विचारलं, "मारतात का?"

"नाही हो. ओव्हरटेक करतात."

"घरात?"

"पुलावर."

"मग पहिला मजला," त्या म्हणाल्या आणि पाण्याचा ग्लास काढून घेतला.

पुन्हा खाली. आता साहेबांनी वही उघडली. शेरे कोणी वाचत नाही हे अर्जकाकांचं मत खोटं ठरलं, कारण साहेबांनी ते मोठ्याने वाचले. टेबलाभोवती तीन कारकून जमले. "'याची पाठदुखी थांबव.' 'याच्या मुलांना याचा आवाज कमी ऐकू येऊ दे.' हे काय आहे?"

"प्रार्थना," मी म्हटलं.

"आणि अठ्ठावन्न बारा..." साहेबांचं बोट रकान्यातून खाली सरकत गेलं. "'याच्या बायकोला बळ दे.' 'याच्या बायकोला बळ दे.' 'याच्या बायको—'" मग ते थांबले, माझ्याकडे पाहिलं, ह्यांच्याकडे पाहिलं आणि वही मिटून माझ्यापुढे सरकवली. कारकून आपापल्या जागी गेले. ह्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

साहेब चांगले होते. म्हणाले, "चौकातल्या कॅमेऱ्यात तीन वेळा गाडी सापडली आहे. तीन वेळा म्हणजे लायसन महिनाभर जमा. पण ताई, तुम्ही तक्रार मागे घेतलीत तर आम्ही अंतर मोजत बसत नाही. इथे सही करा, विषय संपला."

फॉर्म छापील होता. 'सदर तक्रार मी गैरसमजातून केली होती, हे सत्य आहे.' खाली टिंबांची रेघ.

"पण गैरसमज झाला नव्हता," मी म्हटलं.

"अगं, ते छापीलच असतं!" हे दबक्या आवाजात म्हणाले. "सगळे करतात सही. उद्या सकाळी दिवा लावशील तेव्हा माफी माग. कर."

मी पेन घेतलं. खरं सांगते, करणार होते. अकरा वर्षांचा नेम एका रेघेवर मोडला असता, तर देवाने समजून घेतलं असतं. त्याला माझ्या घराचा पत्ता माहीत आहे. फक्त एक गोष्ट कोपराइतकीच ठसठसत होती, ती विचारली.

"अहो, त्या दिवशी आरसा लागला, मी पडले. तुम्ही गाडी हळू केलीत. मग थांबला का नाहीत?"

"मला काय माहीत ती तू आहेस!"

"कोण वाटलं होतं?"

"कोणीही! कोणीतरी बाई!"

 साहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं. मी पेनाला टोपण घातलं आणि ते टेबलावर, फॉर्मच्या शेजारी, सरळ ठेवलं. इतके दिवस जे मागत होते ते थोडंफार मिळालं असावं.

लायसन जमा झालं.

पुढचा महिना कसा जाईल याची मला धास्ती होती. हे माझ्याशी बोलत नव्हते. पण ते नवीन नव्हतं. कारखान्याकडे बस जात नाही. तिसऱ्या दिवशी ह्यांनी सायकल दुरुस्त करणाऱ्याकडून एक सायकल महिन्यासाठी भाड्याने आणली. पहिल्या संध्याकाळी घरी आले ते धापा टाकत, पँटला ग्रीस, आणि तोंडात असे शब्द की मी दिवा मध्येच सोडून कानांवर हात ठेवले.

"माणसं आहेत का जनावरं! हॉर्न! कानात हॉर्न वाजवतात! एवढं, एवढं अंतर! माणूस मेला तर?" मग अकरा वर्षांत पहिल्यांदाच माझ्या दिव्याजवळ येऊन बसले. "वही आण. त्याचा नंबर लिही. चव्वेचाळीस शून्य सहा."

मी लिहिला. "शेऱ्यात काय मागू?"

"चारही टायर एकदम फुटू देत."

"ते या वहीत बसत नाही."

"मग तुझी वही काय कामाची!" म्हणून उठून गेले.

पण ह्यांना विषय मिळाला. हे बॉनेटवर थापा मारू लागले, सिग्नलला भाषणं देऊ लागले. कारखान्यात 'सायकलस्वारही माणूस आहे' असा फलक लावला. लायसनचं कोणाला सांगितलं नव्हतं. तब्येतीसाठी आणि शहराच्या हवेसाठी आपण गाडी सोडली, असं सांगितलं होतं. इमारतीच्या वार्षिक सभेत ह्यांचा सत्कार झाला. मानपत्र अर्जकाकांनी वाचलं. खाली मान घालून वाचलं एवढं खरं. 'स्वतःच्या आचरणातून सायकलसंस्कृती रुजवणारे.' नणंद खास आली होती. मी दुसऱ्या रांगेत बसले होते. शेजारच्या खुर्चीवरच्या बाई म्हणाल्या, "तुम्हालाही शिकवा म्हणावं सायकल." भाषणात हे म्हणाले की स्त्रियांनीही न घाबरता रस्त्यावर यायला हवं. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. टाळी वाजवणं हा शब्द नाही, तेव्हा नेम मोडत नाही.

एकतिसाव्या दिवशी लायसन परत मिळालं. भाड्याची सायकल परत गेली.

दुसऱ्या दिवशी आठ चाळीसला मी पुलाच्या तोंडाशी होते. मागून हॉर्न वाजला. लांबलचक नाही, दोनदा, हलकेच, ओळखीचा. करडी गाडी माझ्यापासून चांगली तीन हात लांबून, पलीकडची चाकं जवळजवळ रस्त्याबाहेर घालून पुढे गेली. काच खाली होती. ह्यांनी हात केला. मीही हात केला. खोटं कशाला बोलू, छातीत काहीतरी सैल झालं. वाटलं, देवाला उशीर होतो, पण ऐकतो.

पूल ओलांडताना तोच हॉर्न पुन्हा ऐकला. या वेळी लांबलचक. कोणीतरी त्याच्यावर हात ठेवून तो काढायचाच विसरलं होतं.

मी पोचले तेव्हा रात्रपाळी संपवून घरी निघालेली एक नर्स सायकलसकट पदपथाच्या कडेला पडलेली होती. पांढऱ्या गणवेशाची बाही कोपराजवळ फाटली होती, पुढचं चाक वाकडं झालं होतं. मी तिला उठवलं. माझ्या बाटलीतल्या पाण्याने कोपर धुतलं. ती रडत नव्हती. त्या करड्या गाडीच्या दिशेने पाहत होती, आणि रस्त्यावर सगळ्याच गाड्या करड्या होत्या.

"थांबलाही नाही," ती म्हणाली. "ताई, तुम्ही मागूनच येत होतात ना? नंबर बघितलात का हो?"

दिवा सकाळीच लागला होता. मौन संपलं होतं. आणि दुसरा नेम तर दिवसभराचा असतो.

"अठ्ठावन्न बारा," मी म्हटलं.

"नक्की?"

"पाठ आहे मला."

तिने पिशवीत पेन शोधलं, सापडेना. मी वही काढून कोरं पान उघडून दिलं, माझं पेन दिलं. तारीख आणि वेळ कुठे लिहायची ते रकाने दाखवले. शेऱ्यात काय लिहायचं, ते तिचं तिच्यावर सोडलं. मग तिची सायकल माझ्या सायकलीला टेकवून ठेवली आणि तिला अर्जकाकांचा पत्ता सांगितला.